रीमेक, धुकं वगैरे

तर झालं असं की आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. चार वर्षं मीटिंगा, भांडणं, 'कार्पेट किती देणार' वगैरे सगळं यथासांग पार पडल्यावर एकदाची फ्लॅट रिकामा करायची तारीख आली. कोथरूडच्या दोन खोल्या-किचनमध्ये किती सामान मावतं हे तो रिकामा करायला घेतल्याशिवाय कळत नाही. माळ्यावर चढायचं काम अर्थात माझ्याकडे. घरात इंजिनिअर मुलगा असला की पंखा पुसणे, माळ्यावर चढणे आणि टीव्हीचा रिमोट दुरुस्त करणे ही तीन कामं त्याला डिग्रीसोबतच मिळतात.

पितळी पातेली, गणपतीचं थर्माकोलचं मखर, कोणाच्या तरी लग्नातला न वापरलेला डिनर सेट... आणि सगळ्यात मागे जुन्या चादरीत गुंडाळलेला आमचा सीपीयू. त्याच्या शेजारी पिशवीत तपकीर गल्लीतून आणलेल्या सीड्या (पायरेटेड, दुसरं काय असणार) आणि एक शंभर पानी वही. वहीवर माझ्या अक्षरात: 'गेमची वही. परवानगीशिवाय उघडू नये.'

मी परवानगी न घेता उघडली.

आत पट्टीने आखलेले तीन रकाने. गेम, दादा, मी. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. 2007 ते 2010 या काळात घरात आलेल्या प्रत्येक गेमवर आम्ही दोघांनी एकेक ओळ लिहायची असा नियम होता. नियम अर्थातच दादाचा. "लांबण लावलीस की समजायचं तुला गेम कळला नाही," असं तो म्हणायचा. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता नि मी दहा, त्यामुळे तो जे म्हणायचा ते ब्रह्मवाक्य.

उदाहरणार्थ 'माफिया'. दादा: 'सिग्नल तोडला तर पोलीस पकडतात. पुण्यात चालणार नाही.' मी: 'रेसचं मिशन जमत नाही. दादाला पण जमत नाही.' 'रेसिडेंट ईव्हिल 4'. दादा: 'माउसने नेम धरता येत नाही. हा काय पीसीचा गेम झाला?' मी: 'रात्री खेळू नये.' 'एज ऑफ एम्पायर्स 2'. दादा: 'बेस्ट.' मी: 'बेस्ट.' (कॉपी केलेलं स्पष्ट दिसतंय.)

आता गंमत बघा. या वहीतल्या निम्म्याअधिक गेम्सचे गेल्या काही वर्षांत रीमेक येऊन गेले. मी पगारी माणूस असल्यामुळे बरेचसे सेलमध्ये घेऊनही झालेत, आणि बहुतेक अर्धवट खेळून सोडलेत. भाड्याच्या घरात सामान लावून झाल्यावर एका शनिवारी वाटलं, वहीची काही पानं कोरी आहेत, तर रीमेकचे निकालही लावून टाकू. एका ओळीत. खालचा मजकूर बघता नियम पाळता आलेला नाही हे उघड आहे, पण दादा हे वाचणार नाही.

'माफिया'चा रीमेक 2020 च्या सप्टेंबरात आला, मूळ गेमनंतर अठरा वर्षांनी. शहर नवीन, चेहरे नवीन, ती छळवादी रेस आता सोपी करून खेळता येते. आणि पोलिसांनी सिग्नलवर पकडावं की नाही ते सेटिंगमध्ये ठरवता येतं! पुण्याची कोणीतरी दखल घेतली म्हणायची. निकाल: चांगला, पण सोप्या रेसमध्ये पहिला आल्यावर मला काहीच वाटलं नाही.

'रेसिडेंट ईव्हिल 4', मार्च 2023. हा मात्र अभ्यास करण्यासारखा आहे. मूळ 2005 च्या गेममध्ये नेम धरला की हिरोचे पाय जमिनीला खिळायचे. एक तर गोळी मारा नाही तर पळा, दोन्ही एकदम नाही. ही तशी त्रुटीच, पण अख्ख्या गेमची भीती तिच्यावर उभी होती. रीमेकमध्ये चालता चालता नेम धरता येतो. मग भीती जायला हवी ना? तर त्यांनी गावकरी जास्त चपळ केले, चाकूने वार अडवता येईल असं केलं, आणि वर तो चाकू झिजून मोडतो असंही केलं. म्हणजे एक खांब काढला तर त्याचं वजन दुसरीकडे कुठे घ्यायचं याचा हिशेब केला. सुरुवातीच्या गावात तुम्ही मेटाकुटीला येता आणि चर्चची घंटा वाजते, हातातलं टाकून सगळे निघून जातात, तो प्रसंग मात्र त्यांनी ठेवलाय. निकाल: यांना जुना गेम कळला होता. माउसही चालतो.

आता 'जीटीए'. इथे जरा बसून बोलू.

वहीत 'सॅन अँड्रियास'पुढे मी लिहिलंय: 'मॅप संपतच नाही.' खरंच संपायचा नाही हो. एका शहरातून सायकल मारत निघायचं, मग जंगल, मग डोंगर, लांबवर पिवळट धुकं, आणि त्या धुक्यातून हळूहळू दुसरं शहर उगवायचं. मला वाटायचं हे अमेरिकेएवढंच मोठं आहे.

2021 च्या नोव्हेंबरात जीटीए 3, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या तिघांची मिळून 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली. आल्या आल्या जी शोभा झाली ती ऐतिहासिक म्हणावी अशी. पाऊस असा की समोरचं काही दिसेना, जणू कोणी स्क्रीनवर तांदूळ ओततंय. पीसीवरचा गेम काही दिवस विक्रीतूनच काढून घ्यावा लागला. कंपनीने माफी मागितली आणि जुन्या आवृत्त्या परत विकायला ठेवू असं सांगितलं. पण माझी लाडकी चूक वेगळीच आहे. गेममध्ये एक डोनटचं दुकान आहे, 'टफ नट' नावाचं. त्याच्या पाटीवर डोनटच्या जागी नट, म्हणजे बोल्टवर बसतो तो षटकोनी नट, हा त्यातला विनोद. जुनी ओबडधोबड मॉडेल्स गुळगुळीत करताना त्या नटाचे कोपरेही घासले गेले आणि पाटीवर उरला एक गोल कडा. करणाऱ्याला वाटलं असणार की हे कोपरे म्हणजे जुन्या काळची गरिबी.

आणि धुकं. ते त्यांनी काढून टाकलं. जुन्या प्लेस्टेशन 2 मध्ये मेमरी अवघी 32 एमबी, लांबचं सगळं एकदम काढून दाखवणं शक्यच नव्हतं, म्हणून लांबचं झाकायला धुकं होतं. आता मशीन तगडी आहेत, मग झाकायचं कशाला? तर्कात खोट नाही. मी विमान उडवून वर गेलो आणि खाली बघितलं, तर अख्खा देश एका नजरेत. पर्वतीवर चढल्यावर आपल्याच सोसायटीची पाण्याची टाकी दिसावी तसं हे शहर, तो डोंगर आणि पलीकडे ते शहर. अमेरिका कसली, फार तर मुळशी तालुका. पुढे 2024 च्या अपडेटमध्ये जुन्यासारखा प्रकाश आणि धुरकटपणा परत आणायची सोय केली. त्याने बरंच सावरलं. पण मी वरून एकदा बघितलं होतं ना.

इथे दगड मारणं सोपं आहे, आणि 2021 मध्ये ऑफिसच्या चहाच्या टपरीवर मी मनसोक्त मारलेही. दोन वर्षांनी मी स्वतः तेच केलं.

आमच्याकडे एका क्लायंटची जुनी बिलिंग सिस्टीम नव्याने लिहायचं काम आलं. जुन्या स्क्रीनवर एंटर मारलं की दोन-अडीच सेकंद काहीच व्हायचं नाही, मग एंट्री सेव्ह व्हायची. मी ते झटक्यात होईल असं केलं आणि रिलीज नोटमध्ये मोठ्या अभिमानाने लिहिलं: 'अनावश्यक विलंब काढला.' महिनाभरात चुकीच्या एंट्र्या वाढल्याची तक्रार आली. मग कळलं की तिथल्या बायका एंटर मारून त्या दोन सेकंदांत हातातल्या पावतीशी आकडा ताडून बघायच्या, आणि चुकला असेल तर एस्केप दाबायच्या. पंधरा वर्षांची सवय. हे कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये नव्हतं, कारण ते कोणी डिझाइनच केलं नव्हतं. तो नुसता संथपणा होता. मी त्यांचं धुकं काढलं होतं. शेवटी 'नक्की का?' विचारणारी खिडकी टाकली, ती सगळे न वाचता बंद करतात. असो.

याच्या बरोब्बर उलट 'सायलेंट हिल 2'. (हा वहीत नाही. आमच्या मशीनवर तो चालला नसता आणि आईने चालू दिला नसता.) 1999 च्या पहिल्या 'सायलेंट हिल'मध्येही धुकं होतं ते मशीनच्या मर्यादेमुळेच, पण या लोकांनी त्यालाच गेमचा जीव करून टाकलं. 2012 मध्ये जुन्या भागांची एचडी आवृत्ती निघाली तेव्हा काम करणाऱ्यांच्या हातात सोर्स कोड होता तोही पूर्ण झालेल्या गेमचा नाही, मधल्याच कुठल्या तरी टप्प्यावरचा. धुकं विरळ झालं आणि जिथे पाणी संपतं ती कड उघडी पडली. ज्याने कधी दुसऱ्याचा कोड 'हाच फायनल आहे' या आश्वासनावर हातात घेतलाय त्याच्या पोटात हे वाचून गोळा येईल. 2024 च्या ऑक्टोबरात आलेल्या रीमेकमध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने काय करावं? आजच्या मशीनची सगळी ताकद लावून धुकंच काढलं. म्हणजे चित्र काढतात तसं काढलं हो! निकाल: दिवसासुद्धा खेळू नये.

'ऑब्लिव्हियन'ची 2025 ची नवी आवृत्ती थोडक्यात. वरचं दिसणं अनरियल इंजिनचं, आत मात्र 2006 चंच जुनं इंजिन धडधडतंय. आमच्या धंद्यात याला रॅपर म्हणतात आणि नाकं मुरडतात. पण मूळ गेममध्ये एका बाईंचा संवाद चुकतो, त्या 'थांबा, परत घेते' अशा अर्थाचं काही बोलतात आणि तो चुकलेला टेकच गेममध्ये राहून गेला होता. नव्या आवृत्तीतही तो आहे. ज्याने तो ठेवला त्याला मी माझ्या टीममध्ये घ्यायला तयार आहे.

'वॉरक्राफ्ट 3'चा रीमेक, जानेवारी 2020. निकाल: ज्यांनी नवीन घेतला नव्हता त्यांचाही जुना बिघडवला. लोकांना पैसे परत द्यावे लागले, यावरून काय ते समजा.

राहता राहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'. वहीत दादा: 'चुकलं तर वेळ मागे फिरवता येते. वाळू संपेपर्यंत.' याचा निकाल लिहायला मी फार उत्सुक होतो, कारण 2020 च्या सप्टेंबरात याचा रीमेक जाहीर झाला तेव्हा तो चक्क उबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. आपल्या पुण्यात! मी तेव्हा इंजिनिअरिंग संपवून नोकरीच्या दुसऱ्या वर्षात, लॉकडाऊनमध्ये घरी बसून काम करत होतो. ट्रेलर बघून छाती दोन इंच फुगली, आणि मग जगाने बोलायला सुरुवात केली. चित्रं जुनाट आहेत, चेहरे मेणाचे आहेत. टीका सगळीच चुकीची नव्हती. पण तिच्या खाली एक सूर होता तो मला ओळखीचा आहे. कॉलवर तिकडचा माणूस 'तुमची टीम' हे दोन शब्द ज्या सुरात म्हणतो, तो. जानेवारी 2021 ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली. 2022 च्या मे महिन्यात काम मूळ गेम बनवणाऱ्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. तिथेही चार वर्षं गेली आणि 2026 च्या जानेवारीत रीमेक रद्दच झाला. म्हणजे ते काम तिकडच्यांनाही सोपं गेलं नाही. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली. निकालाचा रकाना कोरा.

कोऱ्या रकान्यावरून आठवलं. खरं तर आठवलं नाही, वही चाळताना दिसलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

ऑगस्ट 2009 नंतर दादाचा रकाना रिकामा आहे. पाच पानं. गेमचं नाव, दादापुढे काही नाही, माझी ओळ. पुन्हा नाव, काही नाही, माझी ओळ. ते दादाचं बारावीचं वर्ष.

दादा बारावीला गणितात गेला. निकालाच्या दिवशी बाबांनी कॉम्प्युटर लावला आणि व्हाइस सिटीची सेव्ह केलेल्या गेम्सची यादी उघडली. बाबा बँकेत होते, तारखा बघायची सवय. जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखा, दुपारी अडीच, तीन, पावणेचार. "अभ्यासिकेत जातो म्हणून सांगत होतास ना?" दादा काही बोलला नाही. सीपीयू त्याच संध्याकाळी चादरीत बांधून माळ्यावर गेला. 'गेमनी वाटोळं केलं' हे वाक्य पुढे कित्येक वर्षं घरात पाहुण्यांसमोरही ऐकलं. दादाने ऑक्टोबरात गणित सोडवलं, इंजिनिअरिंगचं नाव काढलं नाही, आयटीआय केलं. आज त्याचं एसी सर्व्हिसिंगचं स्वतःचं काम आहे, हाताखाली चार माणसं आहेत, आणि उन्हाळ्यात तो माझ्याहून जास्त कमावतो. त्यामुळे कीव वगैरे करायचं कारण नाही.

पण माझी शाळा सकाळची होती. मी एकला घरी यायचो.

माझ्या आठवणीत ही गोष्ट कायम अशी होती की आम्ही दोघं खेळायचो आणि दादा जरा जास्तच खेळला. इतकी वर्षं मी ती अशीच, हसत हसत, मित्रांना सांगितलीये. नटाचे कोपरे कधी घासले गेले कळलंच नाही. वहीत मात्र माझ्याच अक्षरात आहे, 14 फेब्रुवारी 2010: 'व्हाइस सिटी पूर्ण!!! दादाला सांगितलं नाही, त्याची परीक्षा आहे.'

रविवारी दादा जेवायला आला होता. जेवण झाल्यावर बाबा आतल्या खोलीत आडवे झाले आणि मी वही त्याच्यासमोर ठेवली. कसं सुरू करावं कळेना, म्हणून नुसती ठेवली. त्याने पहिली पानं हसत वाचली, रेसचं वाचून मोठ्याने हसला. मग मागची पानं आली. तो जरा हळू उलटायला लागला. मी म्हटलं, "दादा, त्या तारखा माझ्या होत्या." तो म्हणाला, "मग काय, माझ्या होत्या का?" पुन्हा पान उलटलं. "बारा वर्षांचा होतास तू. तुला मार खायला लावून माझं गणित सुटणार होतं का?" आणि मग, मी काही बोलायच्या आत, "एज चालतो का रे तुझ्या लॅपटॉपवर?"

'एज ऑफ एम्पायर्स 2'ची डेफिनिटिव्ह एडिशन 2019 च्या नोव्हेंबरात आली. मी ती घेऊन ठेवली होती. दादाने चष्मा वर केला, हिंदुस्तानी निवडले (मराठे आहेत का विचारलं, मी सांगितलं काळात बसत नाहीत) आणि सोळा वर्षांनी पहिल्यांदा माउसने चौकोन ओढून गावकरी धरले. मेंढ्या, लाकूड, घर. हात विसरले नव्हते. शेतं आपोआप पुन्हा पेरली जातात हे बघून म्हणाला, "हे बरं केलं. आधी लक्ष ठेवून ठेवून जीव जायचा." पुढची दहा मिनिटं शब्द नाही. मग एकदम एंटर दाबून त्याने टाइप केलं, एक अक्षर न चुकता: हाऊ डू यू टर्न धिस ऑन.

टाऊन सेंटरच्या बाहेर ती निळी स्पोर्ट्स कार उभी राहिली. मध्ययुगात. दोघंही असे ओरडलो की आतून बाबांचा आवाज आला, "काय रे? काय चाललंय?"

आणि हा चौतीस वर्षांचा, पोराचा बाप, चार माणसांना पगार देणारा माणूस. आल्ट टॅब कधी दाबलं मला दिसलंसुद्धा नाही. स्क्रीनवर माझं एक्सेल. "काही नाही बाबा, याचं ऑफिसचं काम चाललंय," दादा म्हणाला.

वही माझ्या बॅगेत आहे, बाबांना अजून दाखवलेली नाही. दादा म्हणतोय राहू दे. मला राहू द्यावंसं वाटत नाहीये. दिवाळीपर्यंत बघू. जाताना त्याने माझं पेन घेऊन 'एज ऑफ एम्पायर्स 2, नवीन' असं लिहिलं आणि पुढे त्याच्या रकान्यात: 'गाडीचा रंग तोच ठेवलाय. ठीक.'